मत तेच, घर वेगळं

(मालेगाव, जि. वाशिम येथे महिला कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला विषय दिला आहे 'निवडणुका आणि स्त्रिया'. या विषयावर आपण कमी बोललेलो नाही. बाईला तिकीट मिळत नाही, मिळालं तर पडणाऱ्या जागेवर मिळतं, निवडून आली तर सही तिची आणि कारभार नवऱ्याचा. हे सगळं खरं आहे आणि ते बोलत राहायलाच हवं. पण आज मला या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे. बहुमत तयार कसं होतं?

ज्याला जास्त मतं, त्याचं राज्य, असं आपण शिकलो. पण जास्त म्हणजे कितीजणांत जास्त? आपल्या बचत गटात बारा बाया आहेत. त्यातल्या सातजणी म्हणाल्या, दारूचं दुकान हटलं पाहिजे, तर गटात ठराव पास. त्याच सातजणी दोनशे लोकांच्या ग्रामसभेत जाऊन बसल्या की त्या दोनशेत सात होतात. त्यांचं म्हणणं बदललं नाही. त्या बसल्या ते घर बदललं. उद्या शेजारच्या गावांतल्या अशाच सात-सातजणी एका घरात आल्या, तर पुन्हा चित्र पालटेल.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की, आपलं मत कुणाला, या प्रश्नाइतकाच आपलं मत कोणत्या घरात मोजलं जाणार, हाही प्रश्न राजकीय आहे. जिथे अनेक भाषांचे, अनेक प्रांतांचे किंवा अनेक देशांचे लोक एका सभागृहात बसतात, तिथे तर हे फार ठळक दिसतं. आणि हा प्रश्न आजवर बायकांना विचारून कुणी सोडवलेला नाही.

तीन निवडणुका, तीन सभागृहं

लांब कशाला जा, मालेगावचंच बघू. शंभरीला टेकलेली एखादी आजी डोळ्यांसमोर आणा. लग्न होऊन ती इथे आली आणि पुन्हा कुठे गेली नाही. १९५२ साली तिने पहिलं मत दिलं. तेव्हा मालेगाव अकोला जिल्ह्यात होतं आणि अकोला मध्य प्रदेशात. राजधानी नागपूर. त्या विधानसभेत हिंदी मुलखातले आणि मराठी मुलखातले आमदार एकत्र बसत. मराठी सदस्य संख्येने कमी. २३२ पैकी १९४ जागा काँग्रेसच्या आणि मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल. आजीचं मत हिंदी बहुसंख्येच्या घरात मोजलं गेलं.

१९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाच्या आठ जिल्ह्यांचं वेगळं राज्य करावं अशी शिफारस केली. पण १९५६ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ठरवलं वेगळंच. विदर्भ, मराठवाडा, मुंबई, पश्चिम महाराष्ट्र, गुजरात, सौराष्ट्र, कच्छ असं सगळं मिळून एक मोठं द्वैभाषिक मुंबई राज्य. १ नोव्हेंबर १९५६ ला ते झालं. आजी होती तिथेच होती. तिची राजधानी मात्र नागपूरहून मुंबईला गेली.

मग आली १९५७ ची निवडणूक. संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली. खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडमधून थोडक्या मतांनी निवडून आले. १९५२ साली जुन्या मुंबई विधानसभेत काँग्रेसचे ३१५ पैकी २६९ आमदार होते. आता ३९६ च्या नव्या सभागृहात ते २३४ झाले. बहुमताला १९९ लागत होते, म्हणजे सरकार टिकलं. कुणाच्या जोरावर टिकलं? गुजरातच्या, मराठवाड्याच्या आणि आपल्या विदर्भाच्या. सभागृह जर पश्चिम महाराष्ट्रापुरतं असतं, तर त्याच मतांनी काँग्रेस विरोधी बाकांवर बसली असती. मतदारांनी दिलेली मतं तीच, पण घराच्या भिंती लांब नेल्यामुळे बहुमत दुसऱ्याचं झालं. काल ज्या विदर्भाचं मत हिंदी बहुसंख्येत मिसळून जात होतं, ते आज सरकार तारणारं ठरलं.

पण भिंती लांब नेऊन टिकवलेलं बहुमत फार दिवस पुरलं नाही. आंदोलन थांबेना, पोटनिवडणुका जड जाऊ लागल्या. १९५९ साली इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष असताना पक्षाने फेरविचार केला आणि १ मे १९६० ला दोन राज्यं झाली. १९६२ च्या निवडणुकीत नव्या महाराष्ट्राच्या २६४ जागांपैकी २१५ काँग्रेसला मिळाल्या. पाच वर्षांपूर्वी जिथे ती हरली होती, तिथे ती जिंकली. कारण ज्या प्रश्नावर समितीचं बहुमत उभं होतं, तो प्रश्नच सुटला होता. आणि मालेगावची आजी दहा वर्षांत तिसऱ्या सभागृहाला मत देत होती. तिला कुणी विचारलं होतं का, बाई, तुला कोणत्या घरात बसायचंय?

भाषेचं घर एक झालं म्हणजे सगळं साधलं, असं मात्र नाही. डॉ. आंबेडकरांनी १९५५ साली भाषावार राज्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात हा इशारा आहे. राजकीय बहुमत बदलू शकतं, आज इकडचे लोक उद्या तिकडे जातात. जातीचं बहुमत जन्माने ठरतं, ते हलत नाही. भाषेच्या लहान राज्यात एखादी मोठी जात कायमची सत्ताधारी होऊ शकते, आणि मग लहान जातींना बहुमताचा अर्थ एकच उरतो, वरचढांचं राज्य. बायकांनी यात आपली एक ओळ जोडायला हवी. कोणत्याही भाषेच्या, कोणत्याही जातीच्या बहुमतात आपण निम्म्या असतो आणि त्या बहुमताच्या बैठकीत बहुतेक वेळा नसतो.

सत्तावीस देशांची संसद

आता थोडं दूर, युरोपात जाऊ. तिथे अनेक देशांनी मिळून एक संसद चालवली आहे, म्हणून हा खेळ तिथे उघड्यावर बघायला मिळतो. सुरुवातीला तिथले सदस्य आपापल्या देशाच्या संसदा पाठवत. जून १९७९ मध्ये नऊ देशांतल्या लोकांनी पहिल्यांदा थेट मतदान करून ४१० सदस्य निवडले. त्या निवडून आलेल्या संसदेच्या पहिल्या अध्यक्ष एक बाई झाल्या, फ्रान्सच्या सिमोन वेल. नाझींच्या छळछावणीतून वाचलेल्या, आणि फ्रान्समध्ये गर्भपाताचा कायदा मंत्री म्हणून मंजूर करून घेणाऱ्या. थेट निवडणूक झाली आणि स्त्रियांचं प्रमाण एकदम वाढून सुमारे १६ टक्क्यांवर गेलं. पुढे ते दर निवडणुकीत वाढत ४० टक्क्यांच्या जवळ पोहोचलं.

या संसदेच्या तीन गोष्टी आपण लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, जागांची वाटणी. २०२४ साली २७ देशांतून ७२० सदस्य निवडले गेले. जर्मनीचे ९६, चिमुकल्या माल्टाचे ६. लोकसंख्येच्या हिशेबाने माल्टाला इतके मिळाले नसते. पण लहानांचा आवाज बुडू नये म्हणून मोठ्यांनी थोडं कमी घ्यायचं, असं त्यांनी ठरवून घेतलं आहे. दोन, मोजणीची पद्धत. तिथे जितकी मतं त्या प्रमाणात जागा मिळतात. आपल्यासारखं नाही, की पाच उमेदवारांत ज्याला तीस टक्के मिळाले तो शंभर टक्के जागा घेऊन गेला. तीन, निवडून गेल्यावर सदस्य देशानुसार बसत नाहीत, विचारानुसार गट करून बसतात. कुठल्याही एका गटाला आजवर एकट्याच्या बळावर बहुमत मिळालेलं नाही. प्रत्येक प्रश्नाला नवी जुळणी करावी लागते.

याचा बाईच्या जगण्याशी काय संबंध? डिसेंबर २०१३ मध्ये त्या संसदेसमोर स्त्रियांच्या प्रजनन आरोग्याचा आणि हक्कांचा एक अहवाल आला. पोर्तुगालच्या एदित एश्त्रेला यांनी तो मांडला होता. सुरक्षित गर्भपात, गर्भनिरोधकं, लैंगिक शिक्षण हे सगळं त्यात होतं. तो बाजूला सारून, हा ज्या त्या देशाचा मामला आहे असं सांगणारा दुसरा मजकूर संमत झाला. ३३४ विरुद्ध ३२७. सात मतांनी! त्यानंतर २०१४ आणि २०१९ अशा दोन निवडणुका झाल्या. मधल्या काळात पोलंडच्या बायका गर्भपातबंदीविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, आयर्लंडने २०१८ च्या सार्वमतात गर्भपातावरची बंदी उठवली. जून २०२१ मध्ये त्याच विषयावरचा अहवाल पुन्हा आला आणि ३७८ विरुद्ध २५५ मतांनी मंजूर झाला. विषय तोच, सभागृह तेच. निवडणुकांनी आणि रस्त्यावरच्या कामाने बहुमत बदललं होतं.

पण बदललेलं बहुमत परत फिरूही शकतं. जून २०२४ च्या निवडणुकीनंतर तिथल्या मध्यम उजव्या गटाचे १८८ सदस्य झाले. त्याच्याही उजवीकडचे तीन गट मिळून १८७. दोन्ही मिळून ३७५, आणि निम्म्याला लागतात ३६१. म्हणजे मधल्या गटाला आता दोन दरवाजे झाले. वाटलं तर डावीकडच्यांशी हातमिळवणी, वाटलं तर उजवीकडच्यांशी. संसदेचा नेता न बदलतासुद्धा कायद्यांची दिशा बदलू शकते, ती अशी. आणि १९७९ पासून वाढत आलेलं स्त्रियांचं प्रमाण त्याच निवडणुकीत पहिल्यांदा थोडं घसरलं.

आणखी एक सांगते. स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्ध युरोपने २०२४ मध्ये आपला पहिला एकत्रित कायदा केला. संमतीशिवाय केलेला संबंध म्हणजे बलात्कार, ही व्याख्या त्यात घ्यावी असा संसदेचा आग्रह होता. पण देशांच्या सरकारांच्या परिषदेत काही सरकारं, त्यांत फ्रान्स आणि जर्मनीही, आडवी आली आणि ते कलम गळालं. तेव्हा एका घरात बहुमत मिळवून भागत नाही. कायदा ज्या ज्या दारातून जातो ती सगळी दारं माहीत असावी लागतात.

दिल्लीचं गणित

आपली लोकसभाही काही लहान पंचायत नाही. युरोपातल्या सगळ्या देशांची मिळून जेवढी माणसं, त्याहून जास्त माणसांचं ते सभागृह आहे आणि भाषाही तितक्याच. तिथे स्त्रियांच्या आरक्षणाचं काय झालं बघा. सप्टेंबर १९९६ मध्ये देवेगौडा सरकारने विधेयक मांडलं. ते सरकारच तेरा पक्षांचं. गीता मुखर्जींच्या समितीने त्यावर काम केलं. पुढे १९९८, १९९९, २००८ असं ते पुन्हा पुन्हा मांडलं गेलं. मोठे पक्ष बाजूने आहेत असं सगळेच म्हणत. ९ मार्च २०१० ला राज्यसभेत ते १८६ विरुद्ध १ मताने मंजूर झालं. आणि लोकसभेत? तिथे आणलंच नाही. कारण विधेयकाच्या बाजूने बहुमत असलं, तरी सरकारचं बहुमत ज्या पक्षांच्या पाठिंब्यावर टेकलं होतं, त्यातले उत्तरेकडचे काही विरोधात होते. विधेयकाचं बहुमत आणि खुर्चीचं बहुमत ही दोन वेगळी बहुमतं आहेत. त्यांची टक्कर झाली की बाईचं विधेयक मागे ठेवलं जातं.

त्या पक्षांची मागणी होती की आरक्षणात ओबीसी स्त्रियांना वेगळा वाटा द्या. ही मागणी चुकीची होती असं मी म्हणणार नाही. तिचा उपयोग विधेयक अडवायला केला गेला, हे मात्र खरं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये लोकसभेने ४५४ विरुद्ध २ मतांनी कायदा मंजूर केला, तेव्हाही विरोधातल्या दोघांचा आक्षेप ओबीसी आणि मुस्लिम स्त्रियांना वाटा नाही हाच होता.

सत्तावीस वर्षांनी कायदा झाला, पण त्याला एक गाठ मारून ठेवली. कायदा लागू झाल्यावर जी पहिली जनगणना होईल, तिच्या आधारे मतदारसंघांची पुनर्रचना होईल, आणि मग आरक्षण. २०२४ ची लोकसभा निवडणूक त्यामुळे आरक्षणाविना झाली. ५४३ मध्ये ७४ स्त्रिया निवडून आल्या. महाराष्ट्रातून ४८ पैकी ७. एक तृतीयांश म्हटलं तर महाराष्ट्रातून १६ हव्यात, विधानसभेच्या २८८ मध्ये ९६.

पुनर्रचना म्हणजे काय, हे विदर्भाला सांगायला नको. आपल्याच तालुक्यातल्या मेडशीच्या नावाचा विधानसभा मतदारसंघ होता. २००८ च्या पुनर्रचनेत तो गेला. मालेगाव रिसोड मतदारसंघात आलं. वाशिम नावाचा लोकसभा मतदारसंघही गेला. जिल्हा वाशिम, पण रिसोड मतदारसंघ जोडला अकोला लोकसभेला आणि वाशिम-कारंजा यवतमाळला. विदर्भाचे आमदार ६६ होते ते ६२ झाले आणि जुन्या ठाणे जिल्ह्याचे १३ होते ते २४. कारण सरळ आहे, तिकडे लोक वाढले, आपले लोक कामासाठी तिकडेच गेले.

हेच गणित उद्या देशपातळीवर मांडलं जाईल. लोकसभेच्या जागांची राज्याराज्यांतली वाटणी १९७१ च्या जनगणनेवर झाली. १९७६ साली ती गोठवली आणि २००१ साली २०२६ नंतरच्या जनगणनेपर्यंत पुढे ढकलली. लोकसंख्या आटोक्यात आणणाऱ्या राज्यांना त्याची शिक्षा होऊ नये, हे कारण दिलं गेलं. मैत्रिणींनो, लोकसंख्या आटोक्यात आणली ती कुणाच्या अंगावर? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदीचं प्रमाण सुमारे ३८ टक्के आणि पुरुष-नसबंदीचं ०.३ टक्के आहे. शिबिरांत रांगेने झोपलेल्या बायकांच्या पोटावरच्या टाक्यांतून राज्याराज्यांचे हे आकडे आले आहेत, आणि त्या आकड्यांवर आता सत्तेची वाटणी व्हायची आहे. त्या बायकांना या चर्चेत कुठेच जागा नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बिहारमधल्या आपल्या मैत्रिणीचं मत आपल्या मतापेक्षा हलकं का असावं? तिच्या खासदाराने जास्त माणसांचं ओझं का वाहावं? हा प्रश्न न्याय्य आहे. लहान राज्याचा आवाज बुडू नये हाही प्रश्न न्याय्य आहे. युरोपने त्यावर एक तडजोड काढली, आपल्याला आपली काढावी लागेल. पण ती उघडपणे काढा. राज्याराज्यांतला हा वाद बाईच्या पदराआड लपवू नका. पुनर्रचनेला कुणी प्रश्न विचारला की 'तुम्ही स्त्रियांच्या आरक्षणाविरुद्ध आहात' असं म्हणायचं, आणि आरक्षण मागितलं की 'आधी पुनर्रचना होऊ द्या' असं म्हणायचं, ही दोन्हीकडून बाईची कोंडी आहे. आहे त्या ५४३ जागांमध्ये एक तृतीयांश देता येत नाही असं गणितात कुठेही नाही. १९९६ चं विधेयक जनगणनेला बांधलेलं नव्हतं.

आपण काय करायचं

तीन कामं सांगते.

पहिलं काम यादीचं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशभरात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून वगळावी लागली होती. का? तर त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. आज आपण नाव सांगतो, तरीही लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या यादीतून निघतं आणि सासरच्या यादीत चढत नाही. टाकून दिलेल्या बाईचं नाव कुठेच नसतं. कामासाठी सहा महिने बाहेर राहणाऱ्यांचंही तसंच. जी यादीत नाही, ती कुठल्याच बहुमतात नाही.

दुसरं काम हद्दीचं. पुनर्रचना आयोगाला आपला मसुदा जाहीर करावा लागतो, हरकती मागवाव्या लागतात, जाहीर बैठका घ्याव्या लागतात. एकदा अंतिम आदेश निघाला की त्याविरुद्ध कोर्टात दाद मागायची वाट जवळजवळ बंद असते. म्हणजे बोलायची वेळ ती हरकतींचीच. त्या बैठकांना पुढारी आपापल्या जातीचे आणि नात्यागोत्याचे हिशेब घेऊन जातात. कोणती गावं कुठे जोडली तर बाईला तहसील, दवाखाना, बाजार जवळ पडतो, हे सांगायला आपण गेलं पाहिजे. कोणत्या जागा स्त्रियांसाठी राखीव होतात आणि कशा फिरतात, हेही विचारलं पाहिजे. पंचायतीत आपण हे भोगलं आहे. बाई पाच वर्षं शिकते, कामाला लागते, आणि पुढच्या वेळी प्रभाग खुला झाला की तिला सांगतात, आता घरी बस. १९९३ पासून एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागांचा हा आपला अनुभव दिल्लीतल्या कुठल्याही तज्ज्ञापेक्षा कमी मोलाचा नाही.

तिसरं काम जुळणीचं, आणि हे सगळ्यांत अवघड. आपण बाया म्हणून एक आहोत असं भाषणात म्हणणं सोपं आहे. प्रत्यक्षात आपण मराठा, बौद्ध, बंजारा, माळी, धनगर, मुसलमान अशा वेगवेगळ्या वस्त्यांत राहतो आणि मत देताना त्याच वस्तीतून निघतो. सगळ्या प्रश्नांवर आपण एक होणार नाही, तशी गरजही नाही. पण दारू, पाणी, रेशन, पोटगी, रोजगार हमीची मजुरी अशा चार-पाच प्रश्नांवर सगळ्या वस्त्यांतल्या बायांची जुळणी होऊ शकते. आणि जागा थोडक्या मतांनी ठरत असतील, तर अशी जुळणी बहुमत इकडचं तिकडे करू शकते. बाई निवडून आली की काम झालं, असंही समजू नका. ती कुणाच्या बहुमतात जाऊन बसते, कोणत्या विधेयकावर हात वर करते, कोणत्या वेळी सभागृहात गैरहजर राहते, हे तिला आणि पुरुष आमदार-खासदारांनाही गावात आल्यावर विचारायचं.

मालेगावच्या त्या पिढीला १९५२, १९५७ आणि १९६२ अशी तीन घरं मिळाली, तिन्ही वेळा दुसऱ्यांनी ठरवून दिलेली. पुढचं घर बांधलं जाईल तेव्हा आपण हरकतीचा कागद हातात घेऊन उभ्या असलो पाहिजे. त्याची सुरुवात फार मोठी नाही. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या प्रभागाची मतदारयादी घेऊन या, आणि आपल्या गल्लीतली कोणती बाई त्यात नाही, तिचं नाव लिहून आणा. तिचं स्वतःचं नाव.